ट्रेवालीचे गुडघे

कॉव्हेंट्री
३ फेब्रुवारी २०१९

ग्लेनिस मावशीआजी,

मी रीस. तुझ्या ऑड्रीताईचा नातू. तू मला ओळखतेस ती "लग्नाच्या केकमध्ये फटाका लावणारा कार्टा" म्हणून. तोच मी. आता मोठा झालोय, टायरच्या दुकानात लागलोय, केकला हात लावत नाही.

आधी फोन केला होता. तू "मला नवीन खिडक्या बसवायच्या नाहीत" म्हणालीस आणि ठेवून दिलास. परत केला, परत खिडक्या. म्हणून पत्र. शाळा सुटल्यापासून हाताने एवढं लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

मुद्द्याचं सांगतो. 'जांभळ्या चंद्रावरचं ठाणं' नावाचा जुना पिक्चर आहे. त्यात कॅन्टीनचा सीन आहे. हिरो कप घेऊन बसलाय, समोर व्हिलन, आणि मागून चंदेरी झग्यातली एक बाई ट्रे घेऊन येते आणि धाडकन पडते. कप उडतात, कॅमेरा लगेच हिरोच्या तोंडावर. संपलं. बाईला नाव नाही, शेवटच्या यादीत पण नाही. आमच्या क्लबात तिला ट्रेवाली म्हणतात.

मावशीआजी, ती तू आहेस. ट्रे धरताना जिभेचं टोक डावीकडून बाहेर. ख्रिसमसला पुडिंग आणताना तू अगदी तसंच करतेस. ऑड्रीआजीला विचारलं, तर ती म्हणाली "मला काही माहीत नाही" आणि भांडी घासायला लागली. धुतलेली भांडी.

आता क्लब म्हणजे काय ते. त्या पिक्चरमधल्या माणसांच्या फिगर जमवणारे लोक. बोटाएवढ्या असतात, हातपाय हलतात. बाहुल्या म्हणायचं नाही, रागावतात. हिरोची फिगर काय, कुणाकडेही असते. खरा मान मागे उभ्या असलेल्या बिननावाच्या माणसाच्या फिगरला. कोपऱ्यात झाडू मारणारा एक जण आहे, तो कुणाकडे असला की लोक त्याच्या घरी बूट काढून जातात. तर दरवर्षी क्लब मतदान घेतो, आणि जो बिननावाचा जिंकेल त्याची फिगर डर्बीतली एक छोटी कंपनी बनवते. या वर्षी तू जिंकलीस.

जिंकलीस म्हणजे मी जिंकवलं. थंडीत कंटाळा आला होता. 'प्रोफेसर' असं नाव घेऊन क्लबाच्या पानावर लिहिलं, की ती बाई पडत नाही, ती हेर आहे. कपात विष आहे हे हिरोला कळावं म्हणून ती मुद्दाम ट्रे पाडते. बघा, हिरो त्यानंतर कप खाली ठेवतो. नाव पण ठोकून दिलं, ओर्ला व्हेन्स. सगळ्यांनी गिळलं, पाणीसुद्धा मागितलं नाही.

आता अडलंय एवढंच, की जिवंत माणसाचा चेहरा वापरायला त्या माणसाची सही लागते. मे संपायच्या आत नाही आली, तर तो मान दुसऱ्या नंबरला जातो. दुसरा नंबर दारात जांभई देणाऱ्या पहारेकऱ्याचा आहे. जांभई, मावशीआजी.

सही कर आणि पाठव. कागद जोडलाय.

तुझा
रीस


स्केगनेस
११ फेब्रुवारी

रीस,

खिडकीवाला समजून फोन ठेवला हे खरं. तू आहेस हे कळलं असतं तरी ठेवलाच असता.

ती बाई मी नाही. मी शाळेच्या कॅन्टीनमध्ये जन्म घालवला, माझ्या हातून एक ट्रे पडल्याचं कुणी सांगावं. पोरं वाटेत पाय घालायची, तरी नाही.

आणि लोकांना काहीबाही सांगत जाऊ नकोस. झगा चंदेरी नव्हता, राखाडी होता, दिव्यांमुळे तसा दिसतो. हेरबिर कुणी नव्हतं. बूट दुसऱ्या मुलीचे होते, मोठे, पुढे वर्तमानपत्र कोंबलेलं. त्यात कुणीही पडेल.

कागद परत पाठवत आहे. त्या जांभईवाल्याला द्या. तो बिचारा निदान उभा तरी आहे.

तुझ्या आजीला सांग, स्वयंपाकघराचा नळ अजून गळत असेल तर वॉशर बदल. गेल्या वर्षीपासून सांगतेय.

ग्लेनिस


कॉव्हेंट्री
१६ फेब्रुवारी

मावशीआजी,

तू पत्र टाकायच्या आधी परत वाचत नाहीस ना?

"ती मी नाही, पण बुटात वर्तमानपत्र होतं." पोलिसांनी तुला पकडलं तर त्यांना काही विचारावंच लागणार नाही. तू आधी चोरी नाकारशील आणि मग माल कुठे ठेवलाय ते सांगशील.

हे बघ, तुला वाटतंय लोक हसतात. एकदा आमच्या क्लबात ये आणि बघ. क्लाइव म्हणून आमचा अध्यक्ष आहे, बँकेतून निवृत्त झालेला, कायम लाल स्वेटर. त्याच्या चहाच्या मगावर तुझा पडतानाचा फोटो आहे. नातवंडालाही त्यातून पिऊ देत नाही. मेळाव्याला लहान पोरं येतात, ती एकमेकांना भेटली की नमस्कार म्हणून धपकन पडतात. आईबाप ओरडतात, "अरे पॅन्ट," आणि मग स्वतः पण पडतात. एवढं प्रेम हिरोला मिळत नाही. हिरोला सगळे कंटाळलेत.

फिगरच्या पाकिटाचं कच्चं चित्र पाठवतोय. ट्रेखाली सुरा लपवलाय तो माझा. म्हणजे माझी आयडिया. छान दिसतेस. कमर तर बघ.

एकदा सांग, लपवतेस का? ऑड्रीआजी तोंड उघडत नाही. ती, जी बसमध्ये अनोळखी माणसाला स्वतःच्या ऑपरेशनचं सगळं सांगते.

रीस


स्केगनेस
२ मार्च

रीस,

उत्तर द्यायचं नव्हतं. ते चित्र आधी कपाटात टाकलं, मग कचऱ्यात टाकलं, मग बाहेर काढलं. त्यावर आता चहापत्ती लागली आहे.

ऐक, आणि मग हा विषय बंद.

मी तेवीस वर्षांची होते. स्टुडिओत माणसं लागायची, गर्दीत उभं राहायला. मला ट्रे मिळाला म्हणून मी केवढी मिरवत होते. काम सोपं होतं. दारातून यायचं, ट्रे घेऊन ठाण्याच्या साहेबांच्या टेबलापर्यंत जायचं, ठेवायचा. बूट माझे नव्हते, ते तुला माझ्याच मूर्खपणामुळे कळलंय. पडले. पण कुणी थांबा म्हणालं नाही, कॅमेरा चालूच. मग मी काय केलं असेल? उठले. कप गोळा केले, ट्रेवर लावले, आणि ठरल्याप्रमाणे टेबलापर्यंत चालत गेले. सगळ्या सेटने टाळ्या वाजवल्या. दिव्यांवरची माणसं वरून वाजवत होती. मला वाटलं, आता आपलं नशीब उघडलं.

पिक्चर लागला तेव्हा अख्खी गल्ली घेऊन गेले. आई, ऑड्री, शेजारच्या बायका. मी सगळ्यांना सांगितलं होतं, थोडी पडते, पण पुढे बघा. तर पुढे काही नाहीच. मी पडले आणि हिरोचं तोंड. थिएटर हसलं. आई हसली. तिने मुद्दाम नाही केलं, हसू आलं तिला. मी अंधारात बसून वाट बघत होते, की आता परत दाखवतील, आता उठेन मी. पिक्चर संपला.

घरी येताना बसस्टॉपवर ऑड्री सगळ्यांसमोर तशीच पडून दाखवायला लागली. मी तिला म्हटलं, पुन्हा याचं नाव काढलंस तर तुझी माझी ओळख नाही. तिने नाव काढलं नाही. ती बाकी काही पाळत नाही, एवढं मात्र पाळते.

तर असं आहे. चाळीस वर्षं मी तिथे जमिनीवर पडलेली आहे. कुणी मला उठू दिलं नाही. आता तुम्ही माझी बाहुली करणार, आणि लोक ती घरी नेऊन रोज पाडणार. ट्रेखाली सुरा लावला म्हणून ते बदलत नाही.

मला राग तुझा नाही. म्हणजे आहे, पण थोडा.

ग्लेनिस


कॉव्हेंट्री
१२ मार्च

मावशीआजी,

पत्र दुकानातच वाचलं, टायरच्या थप्पीवर बसून. मालक म्हणाला, "काय रे, कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही, एक बाई उठतेय." त्याला वाटलं मी पिऊन आलोय.

मग मी डेसमंडला भेटलो. फिगर घडवतो तो हा. आधी मेणात करतो, मग साचा. जमैकाच्या आईबापांचा, डर्बीत वाढलेला, एक वाक्य बोलायला दहा मिनिटं घेतो. मी त्याला विचारलं, ट्रेवालीला गुडघे देता येतील का? म्हणजे ती पडलेली असेल आणि लोकांना तिला उठवता येईल.

तो म्हणाला नाही. बिननावाच्या माणसांना नवीन अंग कधीच मिळत नाही, फक्त डोकं नवीन. खाली जुनं धड जोडतात. तुला दुसऱ्याच एका पहारेकऱ्याच्या जुन्या फिगरचं धड मिळणार आहे, त्यावर झगा चढवून. त्याचे पाय कमरेतून पुढेमागे होतात, बाकी काठीसारखे सरळ. गुडघ्यासाठी पायांचा वेगळा साचा लागतो आणि तो हिरोच्याच नशिबात असतो.

मी पाठ सोडणार नाही. पण एक भानगड आहे. क्लबाने मत दिलंय ते हेराला. ती बूट मोठे होते म्हणून पडली असं कळलं तर क्लाइव मतदान रद्द करेल, त्याला नियमांचं वेड आहे. म्हणून तू फक्त सही कर आणि गप्प बस, गुडघ्यांचं मी बघतो.

आणि एप्रिलच्या मेळाव्याला डर्बीत येऊ नकोस. गर्दी असते, खुर्च्या वाईट. मी पण नाहीये, दुकानात ड्युटी आहे.

रीस


स्केगनेस
२९ एप्रिल

रीस,

मी डर्बीला जाऊन आले.

"सही कर आणि गप्प बस" असं मला तुझा मावसआजोबा एकदा म्हणाला होता. त्यानंतर तो स्वतःचं जेवण स्वतः करत असे.

शाळेचा हॉल होता. दारात खोक्यांचा एक रोबो उभा होता, सगळ्यांना पत्रकं देत. उंच, वेडाविद्रा, डोक्यावर चाळणी. मला बघून त्याच्या हातातली सगळी पत्रकं खाली पडली. मी म्हटलं, "हातात काही नाहीच आता, तर पर्स धर." धरली बिचाऱ्याने.

लाल स्वेटर लगेच सापडला. मी म्हटलं, "तुमच्या मगावर आहे ती मी. आणि मी हेर नाही. बूट मोठे होते."

त्याने आधी माझा हात दाबला, डोळ्यांत पाणी वगैरे. मग म्हणतो, "मॅडम, फार वर्षं झाली. तुमच्या नीट लक्षात नसेल."

"पाय माझे होते," मी म्हटलं.

"पण पडायच्या आधी तुम्ही हिरोला नजरेने खूण करता. आम्ही चित्र थांबवून बघितलंय."

"मी माझ्या बुटांकडे बघत होते. तो मध्ये बसला होता."

"मग त्याने कप खाली का ठेवला?"

"कपात काही नव्हतं. रिकामा कप माणूस किती वेळ धरणार?"

माणसं गोळा झाली. एकाने तर मला माझ्याच पडण्याचा नकाशा काढून दाखवला, बाण वगैरे. मी कुठे चुकतेय ते मला समजावून सांगत होते, अगदी आदराने, खुर्ची देऊन. रीस, मी हजारो पोरांना उकडलेला कोबी खायला लावलाय, पण असली हट्टी माणसं बघितली नाहीत.

तेवढ्यात मागून एक जण बोलला. संत्रं सोलत बसला होता, नखांत मेण. म्हणाला, "आणि पडल्यावर? पुढे काय झालं?"

एवढ्या वर्षांत पुढचं कुणी विचारलं नव्हतं मला. तू पण नाही, तुला मीच सांगितलं.

मी म्हटलं, "सांगून कळणार नाही." कोट काढला, रोबोच्या खांद्यावर टाकला. चहाच्या टेबलावरचा ट्रे घेतला, कप घेतले, आणि खाली पडले. पडले म्हणजे बसले आणि मग आडवी झाले, या वयात तेवढंच. दोन बाप्ये धावले. मी म्हटलं, "हात लावाल तर याद राखा."

मग उठले. आधी कुशीवर. मग एक गुडघा टेकला. मग दुसऱ्या गुडघ्यावर हात रोवला. तो असा कडकडला की मागच्या रांगेत ऐकू गेलं असेल. तिथे थोडं थांबावं लागलं. तेव्हा थांबले नव्हते, आता थांबले. मग उभी राहिले, कप गोळा केले, आणि ट्रे घेऊन लाल स्वेटरच्या टेबलापर्यंत गेले आणि ठेवला.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे नुसते बघत होते. पिक्चर पाठ आहे त्यांचा, पण हा भाग त्यांनी कधी बघितलेलाच नव्हता ना. एक छोटी मुलगी म्हणाली, "म्हणजे ती उठते?" तिची आई म्हणाली, "हो, उठते वाटतं."

संत्रंवाला जवळ आला आणि "एकदा परत," म्हणाला. मी म्हटलं, "बाबा, एकच होतं ते." मग त्याने माझ्या गुडघ्यांकडे बराच वेळ बघितलं. दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर कानाखाली दिली असती. "सरळ पायांनी हे होणार नाही," एवढं बोलला आणि निघून गेला.

मी सही केलेली नाही. लाल स्वेटरला सांगून आले. गुडघे असतील तर सही, नाहीतर जांभई.

त्या रोबोकडून पर्स घेतली तेव्हा तो थरथरत होता. आतमध्ये गरम होत असणार. असल्या कामाला ठेवतात तरी कुणाला कोण जाणे.

ग्लेनिस


कॉव्हेंट्री
२६ मे

मावशीआजी,

आधी वाईट. तो रोबो मी होतो.

क्लबात सगळ्यांत नवीन माणसाला खोक्यात घालतात, तशी पद्धत आहे. तुला ड्युटी म्हणून सांगितलं कारण मी चाळणी घालून उभा राहतो हे घरी कळायला नको होतं. तू दारातून आलीस तेव्हा वाटलं, संपलं. बोलावं तर लोक म्हणणार, रोबो बाईला मावशीआजी का म्हणतोय. मग तू एक गुडघा टेकून थांबलीस. ते थरथरणं गरम होतं म्हणून नव्हतं. आतून नाक पुसता येत नाही, हात खोक्याबाहेर असतात. एवढंच सांगतो, जास्त विचारू नकोस.

तू गेल्यावर जोरदार भांडण झालं. क्लाइव म्हणाला मत हेराला दिलं होतं, हेर नाही तर मत रद्द. मी चाळणी काढली आणि सांगून टाकलं, की प्रोफेसर मीच, ओर्ला व्हेन्स मीच जन्माला घातली, सगळी थाप आहे. काय झालं असेल? कुणी विश्वास ठेवला नाही. क्लाइव माझ्या खोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बाळ, प्रोफेसरांचा अभ्यास फार मोठा आहे. तुला त्यांचं नाव घेणं शोभत नाही."

आणि तुझं म्हणशील, तर तुझ्यावरही अर्ध्या लोकांचा विश्वास नाही. क्लाइव म्हणतो, खरी हेर कधी कबूल करते का?

तरी नियम तो नियम, परत मतदान. त्यात डेसमंडने भर घातली. तो म्हणाला, पायांचा नवीन साचा मी करतो, पण मग बाकी काहीच परवडणार नाही. सुरा नाही, रंगीत पाकीट नाही, त्याच्या मागे छापायची हेराची गोष्ट नाही. साधा पुठ्ठा. मावशीआजी, ही माणसं पाकीट फाटू नये म्हणून फिगर उभ्या जन्मात बाहेर काढत नाहीत. त्यांना साधा पुठ्ठा म्हणजे नवरीला गोणपाट. एका बाजूला गुडघेवाली ट्रेवाली पुठ्ठ्यात, दुसऱ्या बाजूला जांभईवाला, चमचमत्या पाकिटात, तोंड उघडमीट होणारा.

काल निकाल लागला. तू आलीस. थोडक्यात आलीस, जांभईवाले अजून गाल फुगवून आहेत, पण आलीस. आणि क्लाइवने मत तुला दिलं. मी विचारलं का, तर म्हणाला, "हेर असली तरी तिला उठावं लागणारच ना."

मेणाच्या पायांचा फोटो जोडलाय. आणि कागद. महिना संपत आलाय, तेव्हा लगेच टाक. आणि यावेळी पत्र परत वाच, नाहीतर सहीऐवजी खिडक्या नकोत असं लिहिशील.

रीस


स्केगनेस
१७ नोव्हेंबर

रीस,

पुठ्ठा मिळाला. तू वर लिहिलं होतंस "उघडू नकोस, किंमत जाते." मी कात्रीने उघडला.

खोक्यात तू होतास हे मला पर्स देतानाच कळलं होतं. अनोळखी माणसाच्या हातात मी पर्स देईन का? तूच सांगतोस का, ते बघत होते.

चेहरा ठीक आहे. नाक माझं नाही, पण माझ्या नाकाचं तरी काय कौतुक. जीभ मात्र बाहेर आहे, डावीकडून. हे त्याला कुणी सांगितलं ते मला माहीत आहे.

गुडघे चांगले केलेत. थोडे घट्ट आहेत, तसेच असायला हवेत.

काल ऑड्री आली होती. मी बाहुली टेबलावर ठेवली आणि चहा करायला वळले. काही बोलले नाही. तिने पण विचारलं नाही, एवढ्या वर्षांची सवय. मी पाठमोरी होते, तरी खिडकीच्या काचेत सगळं दिसत होतं. तिने आधी बाहुली उचलून उलटीपालटी केली. मग पाडली. मला वाटलंच होतं. मी चमचा घट्ट धरून उभी राहिले.

मग तिने चष्मा लावला. बाहुलीला कुशीवर केलं, एक गुडघा वाकवला, टेकवला. दुसरा तिला जमेना. घट्ट आहे म्हणून सांगितलं ना. ती मान खाली घालून बराच वेळ खटपट करत होती, ओठ घट्ट मिटून, आणि ऑड्रीला धीर म्हणून नाही हे तुला माहीत आहे. शेवटी उभी केली. हातात ट्रे अडकवला. आणि बोटाने ढकलत ढकलत टेबलावरून, जॅमच्या बरणीला वळसा घालून, माझ्या कपापर्यंत चालवत आणली.

"असं होतं होय," एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, "असं होतं."

मग आम्ही चहा प्यायलो आणि ती तिच्या ऑपरेशनबद्दल बोलत बसली.

ख्रिसमसला येशील तेव्हा अजून एक पुठ्ठा घेऊन ये. ही ऑड्रीने पर्समध्ये टाकून नेली. विचारलंसुद्धा नाही.

तुझी
ग्लेनिस मावशीआजी